दुसऱ्या आवाजाला हात लावू नका

मंगळवार, ४

आज एका वक्त्याच्या अंगावर धावून गेलो. अगदी अंगावर नाही, व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत. तिथे मामाने मागून शर्ट धरला.

चूक त्या वक्त्याचीच होती. विमा एजंटांचा मेळावा, हॉल गच्च भरलेला, आणि हा माणूस माइक घेऊन बोलत बोलत थेट स्पीकरच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. माइकने अशी शिट्टी मारली की पहिल्या रांगेतल्या बाईंच्या हातून पर्स पडली. मी वरून काचेआडून हातवारे करतोय, मागे सरका, मागे सरका. त्याला वाटलं मी ओळख दाखवतोय. त्यानेही हसून हात हलवला. मग माइकवरून म्हणाला, "वर जी पोरं बसवलीयेत त्यांना जरा जागं करा." झालं. माझं डोकं फिरलं आणि मी पिंजऱ्यातून निघालो.

पिंजरा म्हणजे हॉलच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूची आमची काचेची खोली. आवाज, दिवे, पडद्यावरची चित्रं, सगळं तिथून चालतं. नाव मामाने ठेवलंय. कॉलेज अर्ध्यात सोडून मामा-मामीकडे राहायला आलो तेव्हापासून मी या पिंजऱ्यात मामाच्या हाताखाली आहे. बाबा अजून माझ्याशी आईमार्फतच बोलतात.

मामाचं मात्र मानलं पाहिजे. शिट्टी सुरू झाली तेव्हा सगळा हॉल कानांवर हात ठेवून बसला होता आणि हा शांतपणे चहात बिस्किट बुडवत होता. लोकांचे हात दिसल्यावर मला विचारतो, "शिट्टी येतेय का रे?" इतकी वर्षं आवाजात काढल्यावर माणूस असा दगड होत असावा.

संध्याकाळी केबल गुंडाळताना शिकवणी झाली.

"यंत्र बिघडलं की लोक यंत्राकडे बघत नाहीत," मामा म्हणाला. "यंत्र कुठे असतं तेच त्यांना माहीत नसतं. ते तुझ्याकडे बघतात. तू पळालास की त्यांना वाटतं आग लागली. म्हणून चालत जायचं. हातात काहीतरी घेऊन जायचं. पक्कड नसली तर रुमाल."

"आणि समोरच्याने अपमान केला तर?"

"तरी रुमालच."

गुरुवार, ६

आज जे झालं ते लिहिताना तीनदा खाडाखोड झाली. चहा जास्त झाला असेल, पण मला नाही वाटत.

दुपारी हॉल रिकामा असताना ती आली. टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र हातात धरून रांगांमधून हळूहळू चालत होती, दर थोड्या पावलांनी थांबून त्याच्यावरचा आकडा बघत होती. मी ओरडलो, "कोण आहे? परवानगी घेतली का?" तिने यंत्र माझ्या दिशेला धरलं, आकडा वाचला आणि म्हणाली, "एवढ्या आवाजात रोज बोलत असाल तर सांभाळा."

त्या क्षणी माझा निकाल लागला.

ती रुग्णालयात कान तपासते. विभाग म्हणजे एक खोली आणि ती एकटी. वीस तारखेला आमच्याच हॉलमध्ये ती रुग्णालयाच्या विश्वस्तांसमोर सादरीकरण करणार आहे. तिचं म्हणणं असं की बहिरेपण हळूहळू येतं, माणूस स्वतः सांगत नाही आणि दवाखान्यात येत नाही, तेव्हा आपण कारखान्यात, छापखान्यात, असल्या हॉलमध्ये जाऊन कान तपासले पाहिजेत. विश्वस्तांचं म्हणणं असं की खोली रिकामी करा, तिथे एक्स-रे येईल. त्यांना पटलं तर ती इथे राहील. नाही पटलं तर महिनाअखेर नोकरी संपली आणि ती तिच्या आईवडिलांच्या गावी. गाव रात्रभराच्या प्रवासावर.

म्हणजे मला आजच ती भेटली आणि आजच जायला निघाली.

मामा वरून खाली आला. तर त्यांची ओळख निघाली. ती म्हणाली, "मामा, तुम्ही परत आलाच नाहीत." मामा म्हणाला, "अगं कामं असतात, डॉक्टरीणबाई." ती म्हणाली, "मी डॉक्टर नाही, आणि तुम्ही विषय बदलू नका." मामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू जा रे, तळघरातली केबल आण." तळघरात कसलीच केबल नव्हती.

आता प्रश्न असा की मामा तिच्याकडे कशाला गेला होता, आणि माझ्यादेखत बोलण्यासारखं काय नव्हतं. घरात लग्नाचा एकच मुलगा आहे, तो म्हणजे मी. पुढचं लिहीत नाही, दृष्ट लागेल.

जाताना तिने कानात घालायचे पिवळे स्पंजाचे बोळे दिले. दोन जोड. "एक तुमच्यासाठी, एक मामांना." दोन्ही मी उशीखाली ठेवलेत.

शुक्रवार, ७

मामीला सहज विचारलं, मामाच्या मनात माझ्या लग्नाचं काही आहे का. ती म्हणाली, थांब, आत्ता विचारते. मामा बाहेर टीव्ही बघत होता. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या खालच्या मजल्यावरचे लोकही ऐकतात, त्यांनी स्वतःचा टीव्ही विकला तरी चालेल.

मामी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अहो, भाच्याच्या लग्नाचं काही मनात आहे का?"

मामा म्हणाला, "फ्रिजमध्ये आहे."

किती बेरकी माणूस. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "गेली दोन वर्षं असंच. काही विचारा, भलतंच उत्तर." मला मात्र पक्कं झालं. काही नसतं तर नाही म्हणाला असता.

गुरुवार, १३

मामा सकाळी "बँकेत जाऊन येतो" म्हणून गेला आणि दुपारी आला तो अंगाला दवाखान्याचा वास घेऊन. बँकेत जंतुनाशकाने फरशी पुसत असतील तर मला माहीत नाही.

म्हणजे तिच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला. आणि उत्तर काय आलं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. जेवला नाही. कार्यक्रमाच्या आधी माइक तपासताना नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटतंय?"

हे त्याचं रोजचं आहे. स्वतः आवाजाच्या यंत्रावरची बटणं खालीवर करतो आणि मला विचारतो, कसं वाटतंय, वरचा आवाज टोचतोय का, मागे साफ पोचतोय का. शाळेतल्या मास्तरांसारखी परीक्षा. एरवी मी उत्तर देतो. आज माझंच मन ठिकाणावर नव्हतं. म्हटलं, "तुला कान आहेत ना? तूच ऐक."

मामा हसला. मग खाली हॉलमध्ये जाऊन शेवटच्या रांगेत बसलेल्या पहारेकऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. परत येऊन एक बटण किंचित वर केलं. 

तिने नाही म्हटलं असेल तर ते माझ्या तोंडावर म्हणायचं, त्याच्याशी कशाला कठोर वागायचं. वयस्क माणूस आहे.

शनिवार, १५

नाही म्हणण्याचं कारण आज कळलं. त्याला मी कॉलर म्हणणार आहे, कारण बाकीचा माणूस त्या कॉलरला टांगलेला असतो. रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागात आहे. तिच्या स्लाइड तो बनवतो. आज तिच्यासोबत पेन ड्राइव्ह घेऊन आला, लावून बघा म्हणाला.

लावलं. प्रत्येक अक्षर डावीकडून उडत येतं, गिरकी घेतं आणि मग बसतं. "श्रवण" हा शब्द बसेपर्यंत मी एक जांभई पूर्ण केली. मग आमच्या यंत्रात त्याचा फाँट नव्हता म्हणून पुढच्या सगळ्या अक्षरांचे चौकोन झाले. चौकोनही गिरक्या घेत आले.

"तुमच्या सिस्टिममध्ये प्रॉब्लेम आहे," कॉलर म्हणाला.

मी रुमाल हातात घट्ट धरला. मामा आठवून. म्हटलं, "अक्षरं बसती ठेवलीत तर तीही थकणार नाहीत आणि आम्हीही." ती हसली. कॉलरने कॉलर सारखी केली. मग ती त्याला म्हणाली, "मी सांगत होते ना?" आणि त्याच्या खांद्यावर चापट मारली. तेवढी चापट पुरेशी होती. मी वर जाऊन पिंजऱ्यात बसलो.

मंगळवार, १८

रंगीत तालीम. आज जगात न्याय आहे हे सिद्ध झालं.

कॉलर स्वतःच्या लॅपटॉपवर स्लाइड दाखवत होता. पडद्यावर भिंतीएवढा कानाचा आडवा छेद. अचानक त्या कानाच्या कोपऱ्यात एक पाटी उगवली: "येताना बाळाचे डायपर आण. मागच्यासारखे मोठे आणू नकोस." फोन लॅपटॉपला जोडलेला राहिला होता. कॉलर घाईघाईने ती बंद करतोय तोवर दुसरी: "आणि तुझ्या आईला फोन कर."

लग्न झालेलं आहे. बाळ आहे. मी इतका खूष झालो की स्वतः खाली जाऊन त्याच्या लॅपटॉपवरचे निरोप कसे बंद करायचे ते दाखवलं आणि बाळाचं वजन विचारलं. बिचारा गरीब माणूस आहे. डोळ्यांखाली काळं झालंय, झोप नाही.

मग व्यासपीठाखाली शिरून तिच्या टेबलापर्यंत केबल ओढत होतो. वर ती आणि मामा. ती सादरीकरणात दोन रेकॉर्डिंग ऐकवणार आहे, ती तिने लावून बघितली. पहिलं एका लहान मुलीचं. दुसरंही त्याच मुलीचं. लाकडाखाली मला दोन्ही घोंगडीतून आल्यासारखीच ऐकू आली. वाजवून झाल्यावर मामा म्हणाला, "दोन्ही सारखीच आहेत की गं. दोनदा कशाला वाजवतेस?"

वर तिची पावलं मामाच्या जवळ सरकली. मग ती हळूच काहीतरी म्हणाली, मला खाली शब्द कळले नाहीत. मामा "हो हो" म्हणाला.

मी बाहेर आलो तर ती मामाकडे बघत उभी होती आणि मामा केबल गुंडाळत होता. मला वाटतं मामाने थट्टा केली ती तिला लागली. नाहीतर मग कॉलरने झोपेत एकच फाइल दोनदा टाकलीय. बाळ असल्यावर व्हायचंच.

बुधवार, १९

ती संध्याकाळी एकटी आली, रिकाम्या व्यासपीठावर उभी राहून बघायला. म्हणाली, "माइक हातात आला की माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटतो. आणि काही बंद पडलं तर मी तिथल्या तिथे मरेन."

मी म्हटलं, "काही बंद पडलं तर बोलत राहा. काहीही बोला. मी येतो."

"किती वेळात?"

"चालत येईन. पण येईन."

तिने मान हलवली. मग विचारलं, "भाचेबुवा, मामांचं घरी कसं असतं? तुमच्याशी नीट बोलतात ना?" मी सांगितलं, मामा फार चांगला माणूस आहे, आमचं घराणंच चांगलं आहे, मीही कॉलेज पुन्हा सुरू करायचा विचार करतोय. (आत्ताच सुचला.) ती म्हणाली, "त्यांना सांभाळा."

घराण्याची चौकशी करते म्हणजे नकार पक्का नाही.

गुरुवार, २०

घडलं तसं लिहितो. नाहीतर उद्या मीच माझ्या बाजूने लिहीन.

पहिल्या रांगेत विश्वस्त. मधोमध पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष. मागे कारखान्यांतली, छापखान्यांतली माणसं, परिचारिका. मी आणि मामा पिंजऱ्यात. ती उभी राहिली, नमस्कार म्हणाली आणि पडदा निळा झाला. मधोमध पाटी: सिग्नल नाही.

मी उठलो. पायांनी पळायला सुरुवात केली होती, त्यांना आवरलं. रुमाल घेतला. मधल्या वाटेने चालत गेलो. ती बोलत होती. "माझ्याकडे लोक असेच येतात," ती म्हणत होती. "सगळं ठीक आहे म्हणतात, फक्त समोरचा काय म्हणतो ते पोचत नाही. मग आपण बघायचं, तार कुठे सुटलीय." लोक हसले. मी केबल बदलली, कानाचं चित्र पडद्यावर आलं. ती ओठांतल्या ओठांत थँक यू म्हणाली. मी वर परतलो तो पायऱ्यांवरून नाही, हवेतून.

आणि मग रेकॉर्डिंग आली.

पहिलं वाजलं. तिच्या भाचीचा आवाज, सातेक वर्षांची असेल: "आजोबा, सायकलची चेन सुटलीय, चला ना." स्वच्छ. मग दुसरं, तेच वाक्य, ती थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राहणारं. पण हे दबकं, जणू पोरगी भिंतीपलीकडून बोलतेय. "आजोबा, आय... ल...ई... एन..." मला मंगळवार आठवला. फाइल दोनदा टाकलीय आणि दुसरी कॉपी खराब निघालीय. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी.

मामाकडे बघितलं. तो शांत बसला होता. म्हणजे त्याने माझ्यावर सोडलं होतं. मी जाड आवाजाचं बटण खाली ओढलं आणि बारीक आवाजाचं, ज्याला ट्रेबल म्हणतात ते, होतं तेवढं वर ढकललं. वाक्य तिसऱ्यांदा वाजेपर्यंत शब्द न् शब्द कळायला लागला. अगदी पहिल्यासारखं नाही, पण कळेल इतकं. मी आजवर इतक्या वेगाने काही दुरुस्त केलेलं नाही.

ती म्हणाली, "आता मला सांगा, यात 'चेन' हा शब्द कुणाला ऐकू आला?"

"आला," हॉल म्हणाला.

ती थांबली. "'सुटलीय'?"

"आला."

अध्यक्ष मिशांवर बोट फिरवत म्हणाले, "बाई, सगळंच ऐकू येतंय. मग अडचण काय आहे?"

लोक हसले. तिने लॅपटॉपकडे बघितलं, कागदांकडे बघितलं, मग वर पिंजऱ्याकडे. चेहरा पांढरा. मी काचेतून तिला अंगठा वर करून दाखवला, काळजी नको, सगळं सांभाळलंय.

"वर कुणी आवाजात काही बदल केलाय का?" तिने माइकवर विचारलं.

आमच्याकडे हॉलला सूचना द्यायचा माइक आहे. मी तो चालू केला आणि छाती पुढे काढून म्हणालो, "हो. दुसरी कॉपी खराब होती. मी साफ केली."

"ती खराबच हवी होती," ती म्हणाली. "ते आजोबांचे कान होते."

धरणी पोटात घेईल तर बरं असं म्हणतात. मी तर पहिल्या मजल्यावर होतो, धरणीही लांब. त्या माइकवर मी एवढंच म्हणू शकलो, "चूक माझी आहे. त्यांची काहीच नाही." सगळा हॉल मान वळवून काचेकडे बघत होता.

तिने हातातले कागद टेबलावर ठेवले. मग तिचा आवाज बदलला, कागदावरचा सुटला आणि तिचा स्वतःचा आला. "थांबा भाचेबुवा. तुम्ही काय केलंत ते सगळ्यांनी ऐकलं. एक बटण वर केलंत आणि आजोबांना नात ऐकू आली. मी तेवढंच मागायला आलेय. फक्त ते बटण कुणाला लागणार आहे हे आधी शोधावं लागतं, कारण ज्याला लागतं तो सांगत नाही. त्याला वाटतं जग हळू बोलायला लागलंय. आता होतं तसं करा."

मी केलं. तिने दोन्ही पुन्हा वाजवली. एक स्वच्छ, एक भिंतीपलीकडची. आता कुणी हसलं नाही.

"ज्यांना ही दोन्ही सारखीच वाटली," ती म्हणाली, "त्यांनी हात वर करा. मी कुणाचं नाव विचारणार नाही."

पहिल्यांदा कुणीच केला नाही. मग छापखान्याच्या रांगेत एक वर गेला. त्याच्या शेजारी दुसरा. मागे एक बाई. अध्यक्षांचा हात निघाला, कानापर्यंत आला आणि तिथे कान खाजवत राहिला, बराच वेळ.

आणि माझ्या शेजारी मामाचा.

मला वाटलं त्याने प्रश्न उलटा ऐकला. त्याची बाही ओढून म्हटलं, "मामा, ज्यांना फरक कळला नाही त्यांनी."

"कळलं मला," मामा समोर बघत म्हणाला. "तेवढं ऐकू येतं."

हात वरच होता. पिंजऱ्यातला दिवा चालू होता, त्यामुळे खालून तो सगळ्यांना दिसत असणार. ती वर बघत होती. एवढे दिवस मी तिने वर बघावं म्हणून जीव टाकत होतो, आणि आता बघत होती तर माझ्याकडे नाही.

पुढे टाळ्या झाल्या. मला नीट आठवत नाही.

संपल्यावर ती वर आली. हळूच म्हणाली, "दुसऱ्या आवाजाला हात लावू नका म्हणून मी परवा मामांना सांगितलं होतं." मामा म्हणाला, "मला नाही सांगितलंस." तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. मीच फार हळू बोलले."

शुक्रवार, २१

भांडलो. रात्रभर आवरलं होतं, सकाळी दूध उतू गेलं.

"मला का नाही सांगितलंस? मी परका आहे का? दोन वर्षं मी तुझ्या शेजारी बसतोय."

"काय सांगू?" मामा म्हणाला. "आवाजवाल्याला ऐकू येत नाही म्हणून? चव गेलेला आचारी गावाला सांगत सुटतो का? ढवळत राहतो. आणि शेजारी जीभ असलेला एक माणूस उभा करतो."

"मग ती परीक्षा कसली होती? रोज विचारायचास, कसं वाटतंय."

"तुला परीक्षा वाटली तर वाटू दिली. परीक्षा असली की तू कान देऊन ऐकायचास."

मामी दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. मग मामासमोर गेली, त्याच्या अगदी तोंडासमोर, आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हणजे मला वाटत होतं की तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं."

मामा म्हणाला, "तेही थोडं होतं."

ती रडता रडता हसायला लागली आणि मी गॅलरीत गेलो, कारण माझंही तेच चाललं होतं.

मग सुचलं ते लिहायला लाज वाटते. बँक, दवाखान्याचा वास, "परत आलाच नाहीत". मामाने माझ्यासाठी कसलाही शब्द टाकलेला नाही. एवढे दिवस मी माझ्या लग्नाची वरात मामाच्या कानातून काढत होतो.

गुरुवार, २७

ती हॉलवर आली. मी जिन्यात शिडीवर होतो, दिव्याची नळी बदलत. खाली उभी राहून म्हणाली, "मिळालं. एक वर्ष. कारखान्यांत फिरायला गाडी देणार नाहीत, तपासणीचं यंत्र देणार आहेत. एक्स-रे दुसऱ्या खोलीत जाणार."

मी शिडीवरून काय बोललो कोण जाणे. बहुतेक "बरं" म्हणालो.

"अध्यक्षांनी सोमवारची वेळ मागितलीय," ती म्हणाली. "स्वतःसाठी. पण त्यांच्या आधी मामांना आणा. आणि पळवून आणा हवं तर, त्यांना चालत येऊ दिलं तर बँकेत जातील." बँकेचं तिला मामानेच सांगितलं असावं.

मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही चूक माझी आहे म्हणालात, तेव्हा मला बरं वाटलं. मला वाटलं होतं तुम्ही केबलवर ढकलाल."

ढकलणार होतो. केबल हाच शब्द तोंडात आला होता. हे तिला सांगितलं नाही.

सोमवार, ३१

मामाला घेऊन गेलो. वाटेत तीनदा त्याला काहीतरी विसरल्याचं आठवलं.

तिची खोली दोन भागांत आहे. आतली छोटी, भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेली, मध्ये काच. मामा आत बसला, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. त्याने काचेकडे बघून भुवया उडवल्या, जणू पिंजऱ्यात त्याला बसवलंय आणि आम्ही बाहेरून तिकीट काढून बघतोय.

बाहेर तिचं यंत्र. तिने मला शेजारच्या स्टुलावर बसू दिलं, एका अटीवर, गप्प बसायचं. यंत्रावर दोन दिवे. वरचा लागला की कानात आवाज सोडला. खालचा लागला की मामाने दाबलं.

सुरुवातीला वरचा लागला की लगेच खालचा. वरचा, खालचा. मला वाटलं, काही झालेलं नाही, उगाच सगळे घाबरलो. मग तिने एक खटका फिरवला, बारीक आवाजांकडे नेला. वरचा लागला. खालचा नाही. पुन्हा वरचा. नाही. मामा डोळे मिटून बसला होता, अंगठा बटणावर तयार ठेवून, शाळेतल्या हुशार मुलासारखा. वरचा लागला. तो वाटच बघत होता.

मी हात उचलला. काचेवर एकदा टकटक केलं असतं, एवढंच, की आत्ता दाब, आत्ता आला.

तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "चुकू दे त्यांना. ते जिथे चुकतील तिथूनच मला काम करता येईल. तू सांगितलंस तर मी तुझेच कान तपासेन."

मी हात खाली घेतला. वरचा दिवा लागत राहिला. ती दर वेळी आवाज थोडा वाढवत होती, न कंटाळता, मध्ये थोडं थांबून, पुन्हा. मामा तसाच. त्याच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. इतकी वर्षं तो माणूस लोकांपर्यंत आवाज पोचवत होता, आणि आता त्याच्यापर्यंत एक आवाज पोचायचा होता आणि मी नुसतं बसायचं होतं. याहून अवघड काम मला कुणी दिलेलं नाही.

मग खालचा दिवा लागला.

मामाने डोळे उघडले, काचेकडे वळला आणि काहीतरी विचारलं. आवाज बाहेर येत नव्हता, नुसते ओठ हलले. बरोबर होतं का, असं विचारत असावा. मी मोठ्याने हो म्हणालो. त्यालाही ऐकू आलं नसणार, पण त्याने मान हलवली आणि पुढच्या आवाजासाठी डोळे मिटले.

तिने माझ्या मनगटावरचा हात कधी काढला ते मला सांगता येणार नाही. एरवी मी आजचं सगळं पान त्यानेच भरलं असतं. पण मी मामाकडे बघत होतो.